न मळलेली जर्सी

दत्तप्रसाद सरनोबताचा डावा गुडघा त्याच्या स्वतःच्या फारसा उपयोगाचा राहिला नव्हता, पण घराला त्याचा फार उपयोग होता. मुलगा वेदांग लहानपणी परीक्षेच्या आधी सायकल मागू लागला, की त्याची आई साधना त्या गुडघ्याकडे बोट दाखवायची. मोठा झाल्यावर मित्रांबरोबर वाळवंटात गाड्या उडवायला जायचं म्हणाला, तेव्हाही तिनं गुडघाच दाखवला. शारजात रोल्ला भागाच्या गजबजाटात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याच्या खालोखाल कुणाचा मान असेल, तर तो या गुडघ्याचा होता.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सत्त्याण्णव साली, बाविसाव्या वर्षी, दत्तप्रसाद कोल्हापुरात पेठेच्या संघातून लेफ्ट विंगला खेळायचा. मुंबईच्या एका बँकेनं त्याला खेळाडूंच्या कोट्यातून चाचणीला बोलावलं होतं. निवड झाली की नोकरी जन्माची. चाचणी गुरुवारी, आणि आदल्या रविवारी शाहू स्टेडियमवर फायनल. शहाण्या माणसानं अंगात कणकण असल्याचं सांगून घरी पडून राहावं, इतकं ते सरळ होतं. दत्तप्रसाद खेळला. सामना संपायला दहा मिनिटं असताना गुडघा फिरला. पेठ जिंकली, बँकेची नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, आणि चार वर्षांनी दत्तप्रसाद डिप्लोमाचा कागद घेऊन दुबईला आला, तो अल क्वोजमधल्या एका गोदामात चिकटला. आता तो त्याच गोदामाचा मॅनेजर होता, पण जिना चढताना अजून कठडा धरायचा.

साधना ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणायची, "त्या एका मॅचपायी." दत्तप्रसाद मान डोलवायचा. बायकोशी वाद घालण्याइतका तो कधीच मूर्ख नव्हता.

आता वेदांगला एकविसावं लागलं होतं. पोरगा युनिव्हर्सिटीच्या संघात होता, लेफ्ट विंगलाच. डावा पाय बापासारखा, अक्कल आईची, असं दत्तप्रसाद लोकांना सांगायचा आणि दोन्ही गोष्टींचं श्रेय गुपचूप स्वतःकडे घ्यायचा. तीन वर्षं त्यांचा संघ सेमीफायनलला हरत आला होता. यंदा पहिल्यांदा फायनल गाठली, शनिवारी दुपारची. आणि पुढच्याच बुधवारी वेदांगला गोव्याला पोचायचं होतं. तिथल्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला तीन वर्षांचा करार देऊ केला होता, फक्त मेडिकल तपासणी पास व्हायला हवी होती.

हे सगळं जुळवून आणणारा मुंबईचा एजंट, सिद्धांत, फोनवर अगदी गोड बोलला. करार झाला असंच समजा, पण सही होईपर्यंत वेदांगनं बॅडमिंटनसुद्धा खेळू नये. घोटा मुरगळला तरी क्लब मोकळा. त्यानं असंही सांगितलं, की अमेरिकेत कॉलेजची मोठमोठी पोरं हेच करतात. हंगामाची शेवटची मोठी मॅच सोडून देतात, व्यावसायिक संघात जायचं असतं म्हणून. तिथं कुणी वाईट मानत नाही. प्रोफेशनल म्हणजे हेच.

साधनानं निकाल फोन संपायच्या आत लावला होता. युनिव्हर्सिटीच्या कोचनंही न खेळायला मान्यता दिली. राहता राहिला वेदांग. तो कुणाला हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, आणि गुरुवारी दुपारी न सांगता बापाच्या गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला.

दोघं कोपऱ्यावरच्या केरळी कॅफेटेरियात गेले. बाहेर ट्रक लागले होते, मजूर कागदी कपातला चहा घेऊन सावलीत बसले होते. वेदांगनं दोन करक चहा आणि पराठे सांगितले आणि पराठ्याला हात न लावता विचारलं, "पप्पा, खरं सांगा. परत चान्स मिळाला, तर ती मॅच तुम्ही खेळाल?"

दत्तप्रसादनं कप उचलला. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं ना.

त्याला ती शेवटची दहा मिनिटं आठवली. बदली खेळाडू संपले होते, म्हणून तो एका पायावर विंगेलाच उभा राहिला होता. पाय टेकवला की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. लंगड्याकडे कोण बघतं, म्हणून समोरच्यांनी त्याला मोकळा सोडला, आणि चेंडू नेमका त्याच्याचकडे आला. फुटलेल्या गुडघ्यानं मारता येणार नव्हतं. त्यानं सारा भार त्याच पायावर टाकला आणि उजव्यानं, ज्या पायानं तो कधी धड पासही देत नसे, चेंडू गोलपुढे उचलला. डोकं कुणाचं लागलं ते त्यानं पाहिलं नाही, तो पडला होता. पण आवाज ऐकला. सगळं स्टेडियम उठल्याचा आवाज, आणि त्या आवाजात त्याची पेठ, त्याचा चहावाला, त्याचे मास्तर, गच्चीवरून बघणाऱ्या बायका. साधनाशी लग्न झालं, वेदांग झाला, दुबईत नोकरी लागली, त्या सगळ्याचं सुख त्यानं मनापासून उपभोगलं. पण तो आवाज परत कधी आला नाही, आणि एकही वर्ष असं गेलं नाही की त्याला त्याची ओढ लागली नाही. बँकेची नोकरी? तिची त्याला आठवणही येत नसे.

खेळेन, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग त्यानं समोर पाहिलं. पोराचा गुडघा टेबलाखाली नाचत होता. गुळगुळीत, धडधाकट, कुठंही टाका नसलेला. खेळ म्हटलं आणि शनिवारी हा गुडघा फिरला, तर? आपल्या शब्दावर पोराचं आयुष्य अडकवायचं दत्तप्रसादच्या जिवावर आलं.

"न्हाई," तो म्हणाला. अवघडला की त्याच्या तोंडून कोल्हापूर बाहेर यायचं. "येड्यावानी खेळलो. लई पस्तावलो."

वेदांगनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "ओके," तो म्हणाला. मग पराठ्याची गुंडाळी करून दोन घासांत संपवली, आणि उठताना बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास देन. नाही खेळत."

शनिवारी साधना शिकवायची त्या शाळेत वार्षिक कार्यक्रम होता, म्हणून मैदानावर दत्तप्रसाद एकटाच गेला. तसंही तोच नेहमी जायचा. पोरांचे फोटो काढणारा अंकल म्हणून संघात त्याची ओळख होती. जानेवारीतली गोड उन्हाची दुपार होती. कुंपणाच्या जाळीला टेकून उभं राहिलं की खाली थेट खेळाडूंचा बाक दिसायचा. बाकाच्या टोकाला वेदांग बसला होता, अंगात अकरा नंबरची जर्सी आणि पायात साधे बूट. कोचनं जर्सी घालून ये म्हटलं होतं, संघाचाच आहेस म्हणून.

त्याच्यावर कुणी चिडलं असतं तर दत्तप्रसादला बरं वाटलं असतं. कोल्हापुरात फायनल सोडणाऱ्याला पेठेतल्या टपरीवर वर्षभर चहा मिळाला नसता, आणि त्या रागात त्याची किंमत तरी कळली असती. इथं कॅप्टन यूसुफ, वेदांगचा चार वर्षांचा दोस्त, त्याला मिठी मारून म्हणाला होता, "तू जा हबीबी, आमच्यासाठी मोठा हो." वेदांगनं घरी हे सांगितलं तेव्हा साधना म्हणाली, किती गुणी मुलगा. वेदांग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिला.

सामना बरोबरीत चालला होता. वेदांगच्या जागी फहाद नावाचा सेकंड इयरचा पोरगा खेळत होता. पळायचा सशासारखा, पण चेंडू पायात आला की घाबरायचा. तो लाईनजवळून धावला की बाकावर वेदांगचा डावा पाय हलायचा. फहाद पास द्यायचा त्याच्या क्षणभर आधी वेदांगनं तो दिलेला असायचा, बसल्या बसल्या, हवेत. दत्तप्रसाद सामना बघायला आला होता, पण तो तासभर फक्त तो पाय बघत होता.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू लाईनबाहेर आला आणि उड्या मारत थेट वेदांगच्या पुढ्यात गेला. वेदांग उभा राहिला. डावा पाय आपोआप उचलला गेला, चेंडू थांबवून परत द्यायला. यात काय होणार होतं? रस्त्यावरचं पोरही एवढं करतं. पण पाय तिथंच थांबला. वेदांगनं तो सावकाश खाली ठेवला, वाकून दोन्ही हातांनी चेंडू उचलला आणि फहादच्या हातात नेऊन दिला. चालायला लागल्यापासून या पोरानं आलेल्या चेंडूला कधी हात लावला नव्हता. दत्तप्रसादनं जाळी इतकी घट्ट धरली, की बोटांवर तारेचे वळ उठले.

शेवटच्या पाच मिनिटांत फहादनंच गोल केला. गोल कसला, चेंडू त्याच्या नडगीला लागून आत गेला, पण तो गोलच. सगळे त्याच्यावर जाऊन पडले. वेदांग बाकावरून उठून दोन पावलं धावला, लाईनपाशी आला आणि तिथंच थांबून टाळ्या वाजवू लागला. खूप जोरात वाजवत होता. त्याला आनंद झाला होता, यात खोटं काही नव्हतं. बापाला पोराचा चेहरा वाचता येतो. आनंद होता, आणि त्या आनंदाच्या आत त्याला जायला जागा नव्हती.

शिट्टी झाली. यूसुफनं हाक मारली, "अंकल, फोटो, यल्ला, चला." दत्तप्रसाद लंगडत मैदानात उतरला आणि फोन समोर धरला. पोरं दाटीवाटीनं उभी होती. घामानं चिंब, गुडघे खरचटलेले, जर्स्यांना नकली गवतातले रबराचे काळे दाणे चिकटलेले. कोण कुठल्या देशाचं, हेही त्या घाणीत कळत नव्हतं. कडेला वेदांग, इस्त्रीच्या जर्सीत. यूसुफनं त्याला ओढून मधे घेतलं, स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. मधे घेतल्यावर तर तो आणखीच वेगळा दिसू लागला. हसा, असं दत्तप्रसाद म्हणणार होता, पण म्हणवेना. त्यानं तसंच बटण दाबलं.

मेडल वेदांगनं गाडीत बसण्याआधी यूसुफला परत केलं, जर्सी बदलून बॅगेत टाकली. गाडी निघाली. दोन सिग्नल मागे पडले.

मग वेदांग म्हणाला, "पप्पा, तुमचा तो कपाटातला फोटो. तुमची फायनल."

"हं."

"तुम्हाला दोघांनी उचलून धरलंय. पाय लटकतोय. अँड यू आर लाफिंग द मोस्ट."

दत्तप्रसादनं गाडी कडेला घेतली. इशाऱ्याचे दिवे लावून थांबवली. मागचा कुणी हॉर्न देऊन गेला.

"खोटं बोललो तुझ्याशी," तो म्हणाला. "परवा. मी परत खेळलो असतो. चाचणी दुसऱ्या दिवशी असती तरी खेळलो असतो."

"आय नो," वेदांग म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं."

"मग ऐकलंस कशाला?"

वेदांग खिडकीबाहेर बघत होता. बोलला तेव्हा इंग्रजी सोडून बोलला, असं तो क्वचित करायचा. "मी तसाही खेळलो नसतो, पप्पा. माझं ठरलं होतं. मला गोव्याला जायचंय, खूप जायचंय. पण सगळे नको म्हणत होते. कोच, मम्मी, सिद्धांत, यूसुफसुद्धा. मला वाटलं, एक माणूस तरी म्हणेल, खेळ. तेवढ्यासाठी आलो होतो तुमच्याकडे."

 दत्तप्रसादनं पोराच्या मांडीवर हात ठेवला, गुडघ्याच्या जरा वर. उशीर झाला होता, तरी तो म्हणाला, "खेळायला पायजे होतंस." वेदांगनं मान हलवली आणि हाताच्या पाठीनं नाक पुसलं. मग गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

घरी साधना शाळेतून आली होती आणि वॉशिंग मशीन लावण्याच्या गडबडीत होती. जिंकल्याचं ऐकून तिनं देवापुढे साखर ठेवली, वेदांगच्या तोंडावरून हात फिरवला, आणि बुधवारपर्यंत आता जिनासुद्धा जपून उतर, असं बजावलं. मग सवयीनं त्याची बॅग उघडून जर्सी बाहेर काढली. उलटसुलट केली, नाकाला लावली.

"अरे, ही तर स्वच्छच आहे," ती म्हणाली. "घडी करून ठेवते. धुवायची काही गरज नाही."

वेदांग बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"धू तरीपण, मम्मी."

साधना हसली, पाणी काय फुकट येतं का म्हणाली, आणि जर्सी बाजूला ठेवू लागली. दत्तप्रसादनं ती तिच्या हातातून घेतली. मशीनपाशी जाऊन डाव्या गुडघ्यावर हात दाबत खाली वाकला, बाकीच्या कपड्यांच्या मधे जर्सी खोल कोंबली, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्तच साबण घातला.