एकशे अठरा ग्रॅमचा वाडगा

मी वाडगा आहे. प्लास्टिकचा, निळा. वजन एकशे अठरा ग्रॅम. निदान तेव्हा तेवढं होतं. वजन आधीच सांगून ठेवतो, कारण माझी सगळी कथा त्या आकड्यावर उभी आहे.

मला कुणी विकत घेतलं नाही. कपडे धुवायच्या पावडरीच्या मोठ्या पुड्याला मला चिकटपट्टीने बांधलं होतं. फुकट. घरातल्या सासूबाईंनी तो पुडा आणला तो माझ्यासाठीच. पावडरीचा वास तर त्यांना सहनही होत नव्हता. फुकटच्या वस्तूसाठी माणसं नको ती वस्तू विकत घेतात, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

पुढच्या महिन्यात तसाच पुडा आला आणि तसाच वाडगा. रंग तोच, आकार तोच. पण मधल्या काळात कारखान्याने हात आखडता घेतला होता. माझा हा भाऊ अंगाने पातळ निघाला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वाडग्याची तब्येत कोण बघतं?

त्या घरातली सून साबण करायची. स्वयंपाकघराला लागून एक बोळवजा खोली होती, तिथे टेबल, वजनकाटा, तेलाचे डबे आणि लाकडी साचे. तोंडाला फडकं, हातात मोजे, खिडकी उघडी. आधी तेल वितळवायचं. मग कॉस्टिक सोडा मोजून पाण्यात सोडायचा. पाणी सोड्यावर कधी ओतायचं नाही, अंगावर उडतं. मग दोन्ही एकत्र घोटायचं, सायीसारखं दाट होईपर्यंत, आणि साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळीवर मुरत ठेवायच्या.

सासूबाई दारातून म्हणायच्या, "लोणचं का आहे ते मुरायला?"

"लोणचं बिघडलं तर आपलं तोंड बिघडतं, आई. हे बिघडलं तर लोकांची कातडी."

कॉस्टिक मोजायला तिने मला निवडलं. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचं बटण मेलं होतं. नवा काटा घे म्हटलं तर म्हणायची, "वजन बरोबर दाखवतोय ना? मग बटणाचं काय लोणचं घालू?" तिने मला एकदा मोजलं आणि माझ्या बुडाला काळ्या शाईने ११८ लिहिलं. एका घाण्याला एकशे चाळीस ग्रॅम कॉस्टिक लागायचं. त्यात मी धरून काट्यावर दोनशे अठ्ठावन्न आलं की तिचा हात थांबायचा. "दोनशे अठ्ठावन्न," ती मोठ्याने म्हणायची, मगच मला उचलायची. मला बरं वाटायचं. फुकटात आलेल्या वस्तूला कुणीतरी हिशेबात धरत होतं.

मग मोठी मागणी आली. गावातल्या प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई नवा वॉर्ड सुरू करत होत्या. घरी निघालेल्या प्रत्येक आईला एक पिशवी द्यायची आणि त्यात बाळासाठी साधा, बिनवासाचा साबण. शंभर वड्या. दिवस ठरलेला, आणि तो नेमका सहा आठवड्यांवर. "हे जमलं तर मी साबणवाली," सून नवऱ्याला म्हणाली. "नाही जमलं तर मग तुमच्या आईचं खरं. रिकामटेकडे उद्योग."

घाणे घालायच्या आदल्याच सकाळी सासूबाईंचा कपड्यांच्या चिमट्यांचा डबा फुटला. त्यांना समोर मी दिसलो. चिमटे माझ्यात आले, मी गॅलरीत गेलो, आणि माझ्या जागी त्यांनी भावाला ठेवलं. दुष्टपणा नव्हता. एका वाडग्याऐवजी दुसरा, एवढंच.

गॅलरीच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. तिने पाच घाणे केले. पाचही वेळा म्हणाली, "दोनशे अठ्ठावन्न." पाचही वेळा मी चिमट्यांखाली ओरडलो. वाडग्याचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

तिची एक रीत होती. आठव्या दिवशी प्रत्येक घाण्यातली एक वडी ओली करून जिभेला लावायची. साबण नीट झाला असेल तर नुसती साबणाची चव. कॉस्टिक जास्त असेल तर जिभेला झटका. तिने पहिली वडी लावली आणि हात झटकला. दुसरी, तिसरी. पाचव्या वडीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवरा म्हणाला, "कोण साबण चाटून बघणार आहे? देऊन टाक."

"आठ दिवसांच्या पोराच्या अंगाला लावणार आहेत तो! द्यायचं नाव काढू नका."

मग तिने वही तपासली, तेल तपासलं, काट्यावर साखरेचा पुडा ठेवून बघितला. सगळं बरोबर. तेव्हा ती खाली बसली. "माझाच हात बिघडला," म्हणाली. "उद्या टेबल रिकामं करते. आई, ठेवा इथे तुमचे पिठाचे डबे."

सासूबाईंनी डबे जागचे हलवले नाहीत. ते नवलच.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना त्यांनी चिमटे पदरात ओतले आणि मी उलटा झालो. ११८. त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता मला परत भरतील, आणि संपलं. कुणाला कळलं असतं? ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून त्या आत गेल्या आणि त्यांनी मला टेबलावर आपटलं.

"हे तुझंच ना? मीच उचललं होतं. बदल्यात दुसरं ठेवलं. मला काय माहीत, तुझ्या कारखान्यात भांडीसुद्धा नोकरीला असतात!"

सुनेने भावाला काट्यावर ठेवलं. एक्क्याण्णव. मला ठेवलं. एकशे अठरा. दर घाण्याला सत्तावीस ग्रॅम कॉस्टिक जास्त. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. शिवी असावी. मग म्हणाली, "आकडा मी लिहिला, पण उलटं करून एकदाही बघितलं नाही. निम्मी चूक माझी."

"निम्मी कशाला? पाऊण माझी," सासूबाई म्हणाल्या. "आता फोन लाव त्या बाईला."

मेट्रनबाई फोनवर इतक्या तापल्या की मला टेबलावर ऐकू आलं. "बाळं काय तुमच्या साबणासाठी थांबणार?" पहिल्या पन्नास पिशव्यांसाठी त्यांनी दुकानातून साबण घेतला. उरलेल्या पन्नास वड्या नव्याने करून, मुरल्यावर दिल्या तरी चालतील म्हणाल्या, आणि फोन ठेवण्याआधी विचारलं, "चूक कळली कशी?" सून म्हणाली, "जिभेवर."

टेबल रिकामं झालं नाही. बिघडलेल्या वड्या सासूबाईंनी मोजे घालून किसल्या, सुनेने त्यात तेल वाढवून शिजवल्या. त्याच साबणाने घरातले कपडे निघतात. पावडर बंद झाली, म्हणजे वाडगेही बंद. भाऊ चिमटे सांभाळतो.

परवा मी घासताना निसटलो आणि काठाचा टवका उडाला. मला वाटलं, आपलं संपलं. सुनेने टवका फेकून दिला आणि कॉस्टिकचा डबा उघडला.

"थांब!" सासूबाई दारातून ओरडल्या. "आधी त्याला मोज."

काटा एकशे सोळावर थांबला. सासूबाईंनी जुना आकडा स्वतः खोडला आणि नवा लिहिला, जरा वाकडाच.

तुमच्याकडे एकच मागणं. दुसऱ्याच्या टेबलावरचं काही उचलायचं असेल तर आधी विचारा. आता निघतो. सूनबाईंचा हात थांबायची वेळ झाली. दोनशे छप्पन्न.