थंडीतलं पाणी

ताईच्या घरामागे, शेजाऱ्यांच्या उंच भिंतीलगत, ऊन कधी फिरकतच नाही. तिथे तिने फुलं फुलवून दाखवली. रोप घेताना ती फुलाकडे बघायचीच नाही, पान चिमटीत धरायची. रुंद, गडद, जाडसर असलं की म्हणायची, "हे सावली सोसेल." आणि ते सोसायचं. मी रंगाला भुलून आणलेली रोपं आठवड्यात माना टाकायची, आणि वर ती मलाच हसायची.

तिची लाडकी फुटबॉल लिली. वर्षातून एकदा लाल चेंडू उमलतात, मग पानं वाळतात आणि कंद मातीत झोपतात. थंडीभर त्यांना पाणी द्यायचं नाही, हा ताईचा कडक नियम.

ताई गेली तेव्हा पानं पिवळी पडायला लागली होती. यंदा फुलांच्या दिवसांत मी मुद्दाम रजा काढून आले. ती नाही तर निदान तिची फुलं तरी बघावीत म्हणून. वाफ्यात एक कोंब नव्हता, नुसता चिखल. खुरप्याने उकरलं तर पहिल्या कंदाचा बोटांत लगदा झाला. दुसऱ्याचाही. सगळे कुजले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावोजी, इथे पाणी कोणी घातलं?"

"मीच. रोज दोन वेळा. थंडीतसुद्धा चुकवलं नाही."

जन्मात कुंडीला हात न लावलेला माणूस!

"अहो, ताई सांगून सांगून दमली की थंडीत..."

"माहीत होतं मला." ते पायरीवर बसले. "शेवटी डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं होतं. नुसते ओठ ओले करायचे. ती माझा हात धरून घोटभर मागायची गं. मी दिलं नाही. तशीच गेली. आता ही माती कोरडी दिसली की मला बघवत नाही."

 मला रडू आवरेना, म्हणून मी मान खालीच ठेवली.

"येतील ना गं?" त्यांनी विचारलं.

"सावलीतली आहेत. वेळ लागतो."

मी लगदा आत ढकलला आणि वरून माती सारखी केली. भावोजी उठले, झारी भरून घेऊन आले. मी सरकून त्यांना जागा करून दिली.