कुटुंबीयाची सही

"घ्या की मोयकाका, लाजताय कशाला?" मिस चिऊने सिगरेटचं पाकीट पुढे केलं.

मोय गिमसिंगचा हात आपोआप उचलला गेला. त्याने तो मागे घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "नको. बायको मारेल."

हॉल हसला. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या आठव्या अव्हेन्यूवर, चिनी गावकऱ्यांच्या मंडळाच्या तळघरात दर मंगळवारी हा सिगरेट सोडवण्याचा वर्ग भरायचा. पुढे केलेली सिगरेट नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. म्हणून न दुखावता 'नको' म्हणायचा सराव नर्स चिऊ आधी करून घ्यायची.

"मारेनच!" मागच्या खुर्चीवरून त्याची बायको लायफोंग म्हणाली आणि खोकली. घरच्या माणसाने सोबत यायचं, असा वर्गाचा नियम होता.

मोय हॉटेलात डिमसम वाफवायचा. चाळीस वर्षं रोज दोन पाकिटं. शहरातल्या दवाखान्याचा इंग्रजी वर्ग त्याने दोनदा अर्ध्यात सोडला होता. तिथे सांगायचे, स्वतःसाठी सोडा. स्वतःसाठी त्याने आजवर काहीच केलं नव्हतं. मिस चिऊ त्याच्या गावाकडच्या तोयसानी बोलीत म्हणाली, "काकूंसाठी सोडा." ते त्याला पटलं. तिसऱ्या आठवड्यात सिगरेट सुटली.

सहाव्या आठवड्यात लायफोंगच्या थुंकीत रक्त दिसलं.

हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून मिस चिऊच आली. फुप्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. लायफोंगने जन्मात सिगरेट ओढली नव्हती.

"विचार त्यांना," मोय म्हणाला, "माझ्या धुरामुळे झालं का?"

डॉक्टर बराच वेळ बोलले. मिस चिऊ म्हणाली, "नक्की सांगता येत नाही, म्हणतात."

"ते एवढं बोलले, आणि तू एवढंच सांगतेस?"



त्या रात्री घरी लायफोंग भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोय औषध घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "ओढा आता. माझ्यासाठीच सोडलीत ना? उशीर झाला."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्याने गोळी तिच्या हातावर ठेवली.

अडीच महिन्यांत ती गेली. अंत्यविधीला आलेल्यांना रिवाजाप्रमाणे सिगरेट द्यायची, ती मोयने स्वतः दिली, थोरामोठ्यांची स्वतः पेटवली. "तूही घे, आज कोण बोलणार आहे?" एक म्हातारा म्हणाला. मोय नुसता पुढच्या माणसाकडे वळला. का नाही घेतली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सहा महिन्यांनी मिस चिऊने त्याला तपासणीला बोलावलं. श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. आकडा एक आला.

"लहान मुलासारखा श्वास आहे, काका!" ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली.

सिगरेट सोडल्याचं प्रमाणपत्र तयार होतं. खाली दोन रेघा: एक त्याच्या सहीची, दुसरी कुटुंबीयाच्या. मूलबाळ नव्हतं.

"ती रिकामी राहिली तरी चालेल," मिस चिऊ हळूच म्हणाली.

"पेन दे."

लायफोंगला लिहिता येत नसे. इमिग्रेशनच्या कागदांपासून हॉस्पिटलच्या संमतीपत्रापर्यंत तिचं नाव त्यानेच लिहिलं होतं. मोयने चष्मा लावला, बाही सावरली आणि दुसऱ्या रेघेवर तिचं नाव एकेक फराटा जपून लिहिलं. पहिली रेघ तशीच ठेवून त्याने कागद परत दिला.