डॉक्टरांना लागलेला पाय

मित्रांनो, माणसाचे अंतरंग मी जितक्या जवळून पाहिले आहे, तितके भल्याभल्या संतांनीही पाहिले नसेल. अंतरंग म्हणजे मूत्राशय. तिथे पाणी सोडल्याशिवाय काही दिसत नाही.

मी शिरूरच्या एका लहानशा दवाखान्यातली जुनी दुर्बीण. माझ्या टोकाला तारेचे बारीक कडे आहे. त्यातून करंट सोडला की मूत्राशयातली गाठ तुकड्यातुकड्यांनी निघते. पोट फाडणे नाही, टाके नाहीत. करुणा सिस्टर मला पुसून डब्यात ठेवताना म्हणायच्या, "आमची सोन्याची दांडी." मी फुगून जायचे.

मग २००३ साली निमोण्याचे गेणबा आले. बापाने जन्मभर मेंढरे राखली, यांनी कांदा लावला. लघवी लाल होत होती, दुखत काहीच नव्हते. गाठ लहान होती, वरवरची होती. कमरेत इंजेक्शन देऊन त्यांचे पाय बधिर केले. गेणबा मात्र जागे, छताकडे बघत पडलेले.

गाठ होती बाजूच्या भिंतीला, आणि त्या भिंतीपलीकडून मांडीचे स्नायू हलवणारी शीर जाते. माझा करंट थेट तिलाच लागला, आणि त्यापुढे कमरेतली भूल चालत नाही. बधिर पाय ताडकन उडाला, पाय बांधलेला पट्टा सुटला आणि टाच डॉक्टरांच्या खांद्यावर बसली. त्यांचा चष्मा पडला. त्याच झटक्यात माझ्या कड्याने मूत्राशयाला भोक पाडले.

डॉक्टर भूलतज्ज्ञांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यात शीर होती, करंट होता. गेणबा कुठेच नव्हते. पण डॉक्टर इंग्रजीत बोलले म्हणजे आपल्यालाच बोलले, असा गेणबांचा पक्का समज.

भोक हळूहळू भरले, पण दोन दिवसांची लघवीची नळी दहा दिवस राहिली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही गाठ परत उगवते. दर तीन महिन्यांनी आतून बघायचं." गेणबांनी मान हलवली आणि आले नाहीत. तीन महिने गेले, सहा गेले, नऊ गेले. लाथ माझी होती, हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हते. मला आहे तो डोळा, आणि तोही दुसऱ्यांनी बघायचा.

दहाव्या महिन्यात त्यांची बायको गिताबाई त्यांना ओढतच घेऊन आली. लघवी पुन्हा लाल झाली होती.

"इतके दिवस कुठं होतात, बाबा?" सिस्टरांनी विचारले.

"कंच्या तोंडानं येऊ? देवमाणसाला लाथ घातली म्या."

"मला चाळीस वर्सांत बोट लावलं न्हाई," गिताबाई म्हणाल्या, "आन् डॉक्टरवर पाय उचलला. त्योबी झोपल्या झोपल्या."

गेणबांनी खाली बघत विनंती केली. "दौंडच्या म्हाळू व्याह्यांनी असल्याच गाठीचं पुण्यात लेझरनं केलंय. त्यात लाथ बसत न्हाई म्हनं. मलाबी तसलंच करा."

मित्रांनो, शस्त्रक्रिया निवडण्याचे हे कारण कुठल्या पुस्तकात नसेल, पण ते चूक नव्हते. लेझरमध्ये अंगातून करंट जात नाही, म्हणून पाय उडत नाही. रक्तही कमी जाते आणि नळी लवकर निघते. मी डब्यात अंग चोरून पडून राहिले.

"व्याही तपासणीला जातात का?" सिस्टरांनी विचारले.

"ते कशाला? लेझरनं जाळलंय की."

"बाबा, कशानंही काढा, उगवायची ती परत उगवते. बघायला यावंच लागतं. आन् लाथ तुम्ही नाही मारली. ह्या दांडीच्या करंटनं मारली."

सिस्टरांनी डबा उघडला, आणि गेणबांनी वाकून मला पाहिले. "मंग हिनं मापी मागाया पायजे," ते म्हणाले.

मी मागितली. कोणाला ऐकू आली नाही.

त्या दिवशी मी आत गेले ती नुसती बघायला. मसुराएवढ्या दोन गाठी होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून त्यांना पुण्याला लेझरसाठी पाठवायचे ठरवले. सहा महिने आधी पाहिले असते तर कदाचित एकच असती, किंवा एकही नसती. ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, कोणाला पाय लागला तर नमस्कार करा आणि विषय संपवा, पण तपासणी चुकवू नका. आणि ज्यांच्या हातात माझ्यासारखी दांडी आहे त्यांनी, झाले ते पेशंटला त्याच्या भाषेत सांगावे.

निघताना गेणबा डॉक्टरांच्या पाया पडले. "त्या लाथेचं मनात ठिवू नका, सायेब."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघितले. "कसली लाथ?"

त्यांना वर्षाला पाच-सहा बसतात.