खालाटीवरून उड्डाण

जॉयस्टिकच्या बुडाचं चौथं रबर काही केल्या चिकटेना. तीन सनमायकाला घट्ट धरून बसली होती, हे चौथं मात्र दाबलं की क्षणभर बसल्यासारखं करायचं आणि मग फट् करून सुटायचं. देवरामने ते जिभेने ओलं करून पुन्हा दाबलं, अंगठ्याखाली धरून ठेवलं, आणि धरून ठेवल्या ठेवल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं... साडेआठ. दादा धसईहून सातच्या एसटीने निघाला असेल तर आत्ता मुरबाड सोडलं असेल. मग शहापूर, शहापूरहून इकडे भातसानगरला जीप. म्हणजे अकरा, फार तर साडेअकरा. तेवढ्या वेळात तीन विमानांपैकी एक ठरवायचं होतं.

विमानं म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर उडवायची. दिपिका, त्याची मुलगी, शहापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि गेल्या वर्षभरात तिने एकामागून एक अशी तीन सिम्युलेटरं घरी आणली होती. आणली तिच्या हौसेसाठी आणि नाद लागला बापाला. चोपन्नाव्या वर्षी, धरणावर गेज बघण्याची, म्हणजे पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिण्याची, चोवीस वर्षांची नोकरी झाल्यावर देवराम रोज ड्युटीवरून आला की चहाचा कप हातात घेऊन मुंबई विमानतळावरून चार माणसांचं छोटं विमान उडवायचा. खऱ्या विमानात तो कधी बसला नव्हता आणि बसायची त्याला इच्छाही नव्हती. कॉलनीत लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणायचे, आणि तो रागवायचा नाही.

पण आज दादा येणार होता. कमळूदादा, सख्खा थोरला भाऊ, चोवीस वर्षांत या क्वार्टरच्या दारात न आलेला. दिपिकाने कुणाच्या तरी लग्नात त्याला गाठलं होतं, विमानाचं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, “आपली खालाटी दिसंल का गो त्यात?” दिसेल म्हणाली पोरगी. सरळ दिसेल म्हणाली! खालाटी म्हणजे त्यांचं सखल जागेतलं भाताचं शेत, धरणाच्या पोटात गेलेलं, आणि ते गेलं तेव्हा त्यात आवण, म्हणजे भाताची रोपं, लावलेली होती, हातभर वाढलेली, आणि ती लावायला सांगितली होती देवरामने. हे दिपिकाला माहीत नव्हतं. दादाने आज शेत बघितलं आणि उठून निघून गेला, तर पुन्हा चोवीस वर्षं मिळायची नाहीत, हे देवरामला पक्कं ठाऊक होतं. दादा सहासष्ट वर्षांचा होता.

त्याने रबराचा नाद सोडला आणि कॉम्प्युटर चालू केला.

तिन्ही सिम्युलेटरांना त्याने आपल्यापुरती नावं दिली होती. पहिलं ‘मोठं’. चार सीड्या, उघडायलाच पाच मिनिटं, पण उघडलं की डोळे निवावेत असं. ढग खरे वाटायचे, टॉवरवरचा माणूस इंग्रजीत बोलायचा, संध्याकाळी पंखावर तांबूस उजेड पडायचा. खाली मात्र सगळी घरं परदेशी, उतरत्या लाल छपरांची, आणि माहुलीच्या डोंगरावर सूचिपर्णी झाडं! तो मनाशी हसायचा, पण चूक धरायचा नाही. जिथे कुणी बघायला गेलंच नाही तिथे बनवणाऱ्यांनी आपल्या घरची झाडं लावली. दुसरं ‘हिशेबी’. त्यात दिसायला काही नाही, जमीन म्हणजे नुसती ताणून पसरलेली हिरवी सतरंजी; पण विमान कसं चालावं याचा हिशेब बिनचूक. पंखाच्या तुकड्या-तुकड्यावर वारा कसा लागतो ते म्हणे ते क्षणाक्षणाला मोजायचं. सिद्धगडाच्या बाजूने डोंगराला चिकटून गेलं की विमान असं उचललं जायचं की पोटात खड्डा पडावा. शिकायचं असेल तर हे, असं दिपिका म्हणायची. आणि तिसरं ‘फुकटं’, इंटरनेटवरून उतरवलेलं, त्यांच्या जुन्या मशीनवर ठेचकाळत चालणारं. वळण घेतलं की चित्र थांबून राहायचं आणि विमान भलतीकडेच निघालेलं असायचं. कुणीही शहाणा माणूस फुकट्याला तिसरा नंबर देईल. दिपिकाने दिलाही होता.

पण फुकट्यात धरण नव्हतं.

मोठ्यात जलाशय होता, अगदी फाटे फुटलेला, निळाशार. हिशेबीतही होता, पाणी एका टेकडीवर तिरपं चढून बसलेलं, पण होता. फुकट्यात तो कुणी भरलाच नव्हता. कल्याण मागे टाकून, पहिल्यांदा ते विमान घेऊन तो इकडे आला होता त्या दिवशी त्याने पाणी शोधलं आणि पाण्याच्या जागी कोरडी दरी निघाली... तो हात थांबवून बघत राहिला होता आणि विमान समोरच्या डोंगरावर जाऊन आपटलं होतं. मग रोज तो तिथेच जायचा. खाली शेत-बीत काही दिसत नसे, हिरवे-तपकिरी चौकोन नुसते. पण दरी होती, आणि पाणी नव्हतं, आणि जिथे पाणी नाही तिथे आपली चूकही अजून झालेली नाही, असं काहीतरी त्याला वाटायचं. हे वेड्यासारखं आहे हे त्याला कळत होतं.

चूक साधी होती. तेव्हा तो तीस वर्षांचा, धरणावर नुकताच लागलेला. पहिल्यांदा पाणी अडवायचं होतं त्या वर्षी. घर आधीच हललं होतं, धसईजवळ जमीन घेतली होती, खालाटी मात्र अजून कोरडी होती, आणि दादा विचारत होता, शेवटचं एक पीक निघेल का? यंदा पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढवणार ते देवरामला ऑफिसात कळलं होतं. ती खूण शेताच्या खाली की वर, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी गवंड्याची नळी — प्लास्टिकची, पाणी भरलेली, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं ती. मोजणीच्या दगडापासून सुरुवात करून त्यांनी दुपारभर ती नळी चढवत नेली, एक टोक दादाच्या हातात, एक देवरामच्या. शेवटचं माप खालाटीत घ्यायचं. रोहिणी सुरू होऊन दोन वळवाच्या सरी पडलेल्या, शेतात घोट्याएवढा चिखल. आणि माझ्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट होते, नोकरीच्या पहिल्या महिन्यात घेतलेले... मी बांधावर उभा राहिलो. शेतात उतरायला हवं होतं. बांध दीड हात उंच होता. शेत होतं त्याहून दीड हात मी वर धरलं आणि म्हणालो, “दादा, बिनधास्त लाव.”

नाव खालाटी, आणि देवरामने ती मापात वर काढली.

श्रावणात एका सकाळी देवरामने गेजपट्टी वाचली, आकडा वहीत लिहिला, आणि आपल्या हिशेबाने पाणी अजून दीड हात खाली आहे म्हणून निवांत बसला. त्याच वेळी तिकडे दादा शेतात होता. शेतात पाणी जरा जास्त वाटत होतं. पण भाताच्या शेतात पाणी असायचंच. श्रावणात ते वाढलं तर कुणाला काय वाटणार! त्याने नेहमीप्रमाणे कुदळीने बांधाचं तोंड फोडलं, जास्तीचं पाणी खाली निघून जावं म्हणून. आणि पाणी बाहेर जायचं ते आत यायला लागलं. उलटं वाहायला लागलं. हे देवरामने पाहिलं नव्हतं, दुसऱ्याकडून ऐकलं होतं, पण चोवीस वर्षांत ते त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की दादाच्या कुदळीला लागलेला चिखलसुद्धा त्याला दिसायचा. त्यानंतर तो धसईच्या घरी गेला नाही. आधी काही दिवस तोंड दाखवायची लाज, मग पुतण्याच्या हळदीला निरोप आला तेव्हा ड्युटी, मग... मग न जाण्याचीच रीत पडली.

फुकटंच दाखवायचं, त्याने ठरवलं. ठेचकाळलं तर ठेचकाळू दे.

दादा पावणेबाराला आला. दारात दिपिकाने त्याच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत वाल होते आणि तांदळाचं पीठ. दादा पाठीत वाकला होता. देवरामच्या बायकोने, अनिताने, पाया पडून पाणी दिलं, चहा दिला; तो खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसला आणि घराकडे, कपाटाकडे, खिडकीकडे सावकाश बघत राहिला. देवरामशी तो फक्त “बरा हायस ना?” एवढंच बोलला आणि देवराम “हो” म्हणाला. जीपवाल्याने फार वेळ थांबवल्याचं सांगून झालं.

“मोठे काका, या ना, विमान बघा,” दिपिका म्हणाली, आणि देवरामला तिचे फार उपकार वाटले.

त्याने फुकटं चालू केलं. मुद्दाम विमान हवेतच, कल्याणच्या पुढे ठेवलं होतं. दादा स्टुलावर पुढे सरकून बसला, डोळे बारीक करून. चित्र अडखळत पुढे जात होतं. डोंगर आले, फटीतून दरी उघडली, कोरडी, लांबच लांब. देवरामने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. आता काहीतरी बोलेल. आता...

“हा कुठला मुलूख?” दादा म्हणाला.

“आपलाच. धरणाच्या आधीचा.”

“पाणी कुठाय?”

“यात पाणी भरलेलं नाही, दादा. ही मोकळी दरी.”

दादाने आणखी थोडा वेळ पाहिलं, मान एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली. “नाय रे. काय कळंना मना. पाणी असंल ते लाव.”

दिपिकानेच पुढे होऊन ते बंद केलं आणि मोठं लावलं, आणि ते उघडेपर्यंतची पाच मिनिटं देवराम फिरणाऱ्या सीडीचा आवाज ऐकत राहिला. सकाळपासून, सकाळपासून कशाला, वर्षभर केलेली सगळी तुलना चुकली होती. मोठ्याचे ढग आले, ढगांखाली परदेशी घरं, आणि मग तो निळा पसरट पाण्याचा तुकडा. दादाने लगेच बोट उचललं.

“हा. आता बग. ही डोंगराची सोंड, समोर ती घळ, तो खोंगा. मधी... थोडा अलीकडं घे. थांब. हितं.” बोट काचेवर टेकलं, निळ्यावर. “हितं खालाटी.”

“एवढं नक्की कसं सांगता?” दिपिकाने विचारलं.

“येतो ना दरसाल. उन्हाळ्यात पाणी उतरलं का वरचा बांध उघडा पडतो. तिकडल्या काठानं येतो, बसतो जरा, जातो.”

बांध कोणत्या आकड्याला उघडा पडतो हे देवरामला ठाऊक होतं. दरवर्षी तो आकडा त्याच्या हाताने वहीत लिहिला जायचा. तो लिहायचा आणि पान उलटायचा. धरणाच्या एका बाजूला तो आकडा लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूला, दीड-दोन कोसांवर, त्याच दिवसांत भाऊ येऊन बसत होता. विमान सरळ जात होतं, त्याला धरायची गरज नव्हती, तरी त्याने जॉयस्टिक घट्ट धरली आणि पडद्याकडे बघतच तो म्हणाला,

“दादा, माझं माप चुकलं होतं. मी बांधावर उभा होतो.”

“ठाव हाय.”

“नंतर कळलं असेल तुला...”

“नंतर कशाला? नळीचं दुसरं टोक कोनाच्या हातात होतं? तू बांधावं हुबा, मना दिसत नव्हता का?” दादा पडद्यावरून नजर न काढता बोलत होता, सहज, एसटीच्या वेळा सांगाव्यात तसा. “मना लावायचीच होती रे. तू नाय म्हनला असतास तरी लावली असती. शेवटची होती. नुसती रानटी कशी सोडायची?”

“मग बोलला का नाहीस तेव्हाच?”

“नवी नोकरी तुझी. एवढा नळी घेऊन आलेलास.”

देवरामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. वाटलं नाही. उलट राग आला, चक्क राग. कुणीतरी आपली वस्तू न विचारता उचलून नेली असावी तसा. चोवीस वर्षं ती चूक त्याने सांभाळली होती, रोजच्या आकड्याखाली ती होती, तिच्यामुळे तो कुठे गेला नव्हता, कुणाशी भांडला नव्हता, बढतीसाठीसुद्धा कुणाकडे शब्द टाकला नव्हता — आणि ती त्याची नव्हतीच. निदान पुरती नव्हती.

“मग आला का नाहीस इतकी वर्षं? तिकडच्या काठापर्यंत यायचास ना!” आवाज चढला. दिपिकाने वळून बघितलं.

दादाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. रागावलेला नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं.

“मी? देवा, गाव सोडून तू गेलास. धाकटा तू. पोरांच्या हळदीला निरोप, आई गेली तवा निरोप. आईच्या दहाव्याला तू नदीवर आलास, पान्याला हात लावलास, आनि परस्पर गेलास, घराचा उंबरा नाय चढलास. आमी समजलो, साहेब झाला, आमची लाज वाटती.” तो थांबला. “भिमी अजून तसंच म्हनते.”

भिमी म्हणजे वहिनी. अनिताने आतून जेवायला हाक मारली. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला, दिपिकाला म्हणाला, “मस्त हाय गो तुझा विमान,” आणि हात धुवायला मोरीकडे गेला. तिकडून अनिताचा आणि त्याचा आवाज येऊ लागला. ती विचारत होती घरचे कसे आहेत, आणि तो एकेकाचं सांगत होता. शाम आता मुरबाडला कंपनीत आहे. रुपाचं बाळंतपण झालं, मुलगी. जिवलीला शाळेत घातलं. गोजर अजून रांगतोय.

मी ऐकत होतो. शाम माझा पुतण्या, त्याच्याच हळदीला मी गेलो नव्हतो. रुपा त्याची बायको असेल, किंवा दादाची मुलगी... दादाला मुलगी आहे का? मी निघालो तेव्हा एक मूल पाळण्यात होतं, पण ते मुलगा की मुलगी, हे मला आठवेना. जिवली कोण? गोजर कुणाचा? बाहेर जाऊन विचारावं तर काय विचारावं? आत्ता पानावर बसल्यावर दादा ही नावं पुन्हा घेईल, मला माहीत आहेत असं धरून घेईल, आणि मी मान डोलावीन. माप चुकलं एवढं सांगायची मी चोवीस वर्षं तयारी केली होती. हे सांगायची काहीच तयारी नव्हती.