कुलपाला उत्तर नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. त्यामुळे जन्मकथा झटपट उरकतो. एका कारखान्यात घडलो, दुबईच्या बर दुबई भागातल्या एका दुकानाच्या काचेमागे बसलो आणि तिथून मंजुषाताईंनी मला जवळच्याच अल मनखूल वस्तीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. ताई जाहिरातींना आवाज देतात. बेडरूममधलं कपाट हाच आमचा स्टुडिओ. साड्या आणि रजया आवाज घुमू देत नाहीत, म्हणून मी त्यांच्यात उभा असतो.

माझा कान भारी तिखट. एसीची घरघरसुद्धा मला ऐकू येते, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद. उन्हाळ्यात खोलीची नुसती भट्टी होते. मग जो तो घाईत. कागद वाचायचा, घाम पुसायचा, सुटायचं. वाचलं ते खरं की खोटं, हे विचारायला कुणी थांबत नाही. साबण, बिस्किटं, मंडळाच्या गणपतीची निवेदनं, सगळं असंच पार पडलं. "काय स्वच्छ आवाज येतो!" म्हणून माझं कौतुकही झालं.

मग तिकडे महाराष्ट्रात निवडणूक लागली. इथल्या जाहिरात कंपनीतला वेदांग तिथल्या सत्ताधारी पक्षाचं काम घेऊन आला. विरोधकांची जाहिरात आधीच सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. तिच्यात उर्मिला नावाची बाई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात उभी होती. बाळंतिणींच्या वॉर्डला कुलूप, म्हणून तिची सून दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली होती. "हे कुलूप कधी काढणार?" एवढंच ती विचारत होती.

वेदांगने त्या प्रश्नाला उत्तर आणलं होतं. उत्तर कसलं, निव्वळ चिखलफेक! उर्मिला पैसे घेऊन रडते, असं ताईंनी खिदळत म्हणायचं होतं.

"ताई, यल्ला, चला लवकर, एक टेक आणि खलास," तो कपाळ पुसत म्हणाला. "क्लायंटला आजच हवंय."

ताईंनी कागद वाचला. माझ्यासमोर तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या उठल्या आणि त्यांनी चक्क एसी लावला. काम अर्धवट असताना असं कधीच झालं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "कुलूप आहे की नाही?"

"आहे हो. पण तो इश्यूच नाहीये. त्यांनी ॲड केली, आपण काउंटर करायचं."

"आणि तिने पैसे घेतल्याचं प्रूफ?"

वेदांगने नकारार्थी मान हलवली. "पॉलिटिक्स आहे ताई. लोक विसरून जातात."

"तिचं गाव विसरेल? तिला तिथेच राहायचंय, वेदांग. क्लायंटला फोन लाव. कुलूप कधी निघणार ते एका ओळीत सांगा म्हणावं. नर्स मिळत नसेल तर तसं सांगा. मी आत्ता वाचते."

त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस इतका ओरडला, की मला कपाटात ऐकू आलं. "त्यांना आवाजासाठी घेतलंय, अक्कल शिकवायला नाही!"

काम दुसरीकडे गेलं. दुसऱ्या कुणीतरी खिदळून दिलं. पुढे वेदांगनेच फोन करून ताईंना सांगितलं, की गावातली पोरं उर्मिलेच्या दारात जाऊन ती वाक्यं ओरडतात आणि ती घराबाहेर पडत नाही. ताई फोन कानाला लावून कपाटाला टेकून उभ्या होत्या.

आता कुठल्याच पक्षाचं काम आमच्याकडे येत नाही, बाकीचंही रोडावलंय. माझ्यावर धूळ बसली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मला नको तुमचं फडकं! संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. समोरच्या पक्षाने प्रश्न विचारला, तर प्रश्नाला उत्तर द्यावं. त्यांचं खोटं असेल तर पुरावा दाखवावा, खरं असेल तर कबूल करावं. विचारणाऱ्या बाईची अब्रू कशाला काढता?

त्या पक्षाला माझा निरोप द्या. वॉर्ड अजून बंद आहे. आधी कुलूप काढा, मग या. त्या दिवशी ताई स्वतः एसी बंद करतील.