डावी मोकळी

"परत धक्का बसला," आरसे म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंग असं झटकून सोडलं की अख्खं टेबल हादरलं.

पडद्यावर त्याची लाल गाडी कठड्याला नाक लावून उभी होती. डाव्या हाताची निळी गाडी त्याला घासून कधीच पुढे निघून गेली होती.

"बघितलंस? रस्ता मोकळा होता. एकदम गाडी उपटली. मधलं चित्र गिळलं तुझ्या या नव्या कार्डानं."

कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं ते कार्ड मुलीनंच बसवलं होतं. मशीनचा डबा उघडून पुन्हा बसवायची तिची तयारी होती. बापाला पुन्हा समजावायची नव्हती.

आरसे हे त्याचं खरं नाव नव्हे. तो बसचा ड्रायव्हर. गाडी सुरू करण्याआधी खिशातलं मऊ फडकं काढून दोन्ही आरसे पुसायचा, ऊन असो की धुकं. इंजिनाला तेल कमी असलं तर एक वेळ तो चालवून न्यायचा, पण आरशावर डाग असला तर गाडी जागची हलणार नाही. म्हणून डेपोनं त्याला हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की पगार वाटणारा कारकूनही तेच म्हणायला लागला. आता मात्र आरसेला आरसा नव्हता. तो डेपोच्या फाटकावर बसून साखळी ओढत होता. गाडी आली की साखळी खाली, गेली की वर. कुत्र्यालाही शिकवता येईल असं काम.

हे झालं त्या चाचणीमुळे. डेपोत जुने टायर टाकायची एक खोली होती. तिला पडदे लावले, शर्यतीच्या खेळातली खुर्ची आणली, समोर टीव्ही टांगला आणि दारावर 'चालक क्षमता कक्ष' अशी पाटी ठोकली. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक ड्रायव्हरनं तिथे बसायचं आणि पळत्या गाड्यांमधून आपली गाडी सहीसलामत काढायची. ज्यांनी ही खोली बांधली त्यांनी आयुष्यात कधी चाक धरलं नव्हतं, आणि ते मशीन ज्यानं विकलं त्यानं तर धरलं असेल फक्त बिलाचं पुस्तक. चित्र नेमकं वळणावर अडायचं. समोर गाडी आली की पडदा गोठायचा, आणि सुटायचा तेव्हा धडक होऊन गेलेली. मग मशीन निर्विकारपणे लिहायचं: प्रतिक्रिया मंद. ज्यांनी घाटात ब्रेक फेल झालेल्या गाड्या कडेला लावून माणसं जगवली, ते ड्रायव्हर एका टीव्हीनं मंद ठरवले. बहुतेक सगळे नापास झाले. आरसेही झाला. पुन्हा एक संधी सोमवारी होती. तीही गेली की घरी बसायचं, कायमचं.

घरी बसलेला आरसे कसा असेल, याची कल्पना त्याच्या बायकोला होती. रविवारचा एक दिवस तिला पुरायचा.

मुलगी एका पाट्या बनवणाऱ्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करायची आणि लहानपणापासून या शर्यतींच्या खेळांत पक्की मुरलेली होती. एके काळी आरसेनं तिचं खेळायचं स्टिअरिंग माळ्यावर फेकलं होतं. आता तेच त्यानं स्वतः स्टुलावर चढून खाली काढलं. बायको म्हणाली, "पोरगी खेळायची तेव्हा पोरखेळ होता. आता बाप खेळतोय, आता म्हणे सराव." तो फडक्यानं स्टिअरिंगवरची धूळ पुसू लागला.

तिच्या जुन्या मशीनवर चित्र खरंच अडत होतं. तिनं ते कबूल केलं आणि दोघं बाजारात कार्ड घ्यायला गेले. दुकानदारानं सगळ्यात आधी दाखवलं ते कार्ड जत्रेतल्या पाळण्यासारखं झगमगत होतं. त्याच्या पंख्यांना सात रंग. सेकंदाला किती चित्रं काढतं तो आकडा त्यानं मंत्र म्हटल्यासारखा म्हटला. मुलीनं विचारलं, पाऊस चालू असताना, सगळ्या गाड्या पहिल्या वळणावर एकत्र घुसल्या आणि गाडीचे आरसे चालू असले, तर हा आकडा कुठपर्यंत खाली येतो? तो म्हणाला, मॅडम, सरासरी बघा, सरासरी एकदम टॉप आहे.

तेव्हा आरसेला राहवलं नाही. तो म्हणाला, "सपाटीवर हातगाडीपण पळते. भरलेली गाडी घेऊन घाटात किती ओढते ते सांग."

मुलगी खदखदून हसली. ती सगळी गोष्ट तिला इतकी नेमकी कधी सांगता आली नसती. त्यांनी मधल्या दर्जाचं, बिनदिव्यांचं, काळं ठोकळ्यासारखं कार्ड घेतलं. ते वेगानं सगळ्यात पुढे नव्हतं, पण चढावर दम टाकणारं नव्हतं. घरच्या मशीनचा वीज देणारा डबा त्याला पेलेल याची तिनं आधी खात्री केली. बसवल्यावर तिनं सांगितलं की हे खेळ मशीनवरचा भार वाचवायला गाडीचे आरसे मुद्दाम धूसर ठेवतात, त्यातलं चित्रही मागे मागे राहतं. आरसे भडकला. काटकसर करायला यांना दुसरं काही सापडलं नाही? तिनं आरसे पूर्ण स्वच्छ करून दिले. संध्याकाळपर्यंत रविवार असा चांगला गेला होता.

आणि आता हे.

मुलीनं पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ आणली. तिनं समजावलं की प्रत्येक चित्र यायला लागणारा वेळ ही रेघ दाखवते, चित्र अडलं तर रेघ उसळी मारते. आरसे पुन्हा निघाला. दुसऱ्याच वळणावर डावीकडून कुणीतरी त्याच्यावर आदळलं. रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ होती.

"रेघ उसळली नाही, बाबा."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी असं म्हटलं नाही."

"तुझी ती रेघ खोटी असेल. मशीन मशीनची बाजू घेणारच. डेपोतलं मशीनपण स्वतःला शहाणं म्हणवतं."

तो तरातरा अंगणात गेला, नळाखाली डोकं धरून आला आणि पुन्हा बसला. हट्ट हा त्याचा दुसरा गिअर होता, पहिला राग. मुलगी या वेळी त्याच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसली, मांडीवर शेंगांची परडी घेऊन. सोलता सोलता ती पडद्याकडे बघत होती आणि काहीही विचार न करता, कुणीही बाजूला बसून बोलेल तसं बोलून गेली, "डावीकडे आहे."

आरसेनं गाडी धरून ठेवली. निळी गाडी बाजूनं सुरक्षित गेली.

"अजून एक आहे. हां, गेली. मोकळी."

फेरीमागून फेरी. एक धक्का नाही. आरसेचा चेहरा सैल झाला. त्याचे खांदे त्याच्या खऱ्या सीटवर असायचे तसे खाली आले. "आता कसं," तो म्हणाला, "आता बसलं तुझं कार्ड जागेवर. गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल इंजिनसारखं."

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती बोलायची थांबली. पुढच्या वळणावर लाल गाडी डावीकडे वळली, जिथे पूर्ण वेळ एक गाडी होती, आणि सरळ तिच्यावर गेली.

"गप्प का बसलीस?" आरसे गरजला.

त्याचाच प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला.

मुलगी परडी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, सरळ पडद्याकडे बघा. मान हलवू नका. मी किती बोटं दाखवतेय?"

"कुठली बोटं?" आरसे म्हणाला.

तिचा हात त्याच्या डाव्या कानाच्या पुढे, वीतभर अंतरावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपल्या कंडक्टरला डेपोच्या हौदामागे गाठलं. त्याला सगळे घंटी म्हणत. इतकी वर्षं दोघं एका गाडीवर. भांडणाशिवाय एक पाळी गेली नसेल आणि एका डब्याशिवाय एक जेवण. नियम असा की कंडक्टरनं फक्त घंटी द्यायची, एक टोल थांबायला, दोन निघायला. पण घंटी हल्ली मागच्या दारातून ओरडायचा, डावी मोकळी. प्रत्येक थांब्यावर. आरसेला वाटायचं, म्हातारपणी याला बडबड लागली.

"कधीपासून ओरडतोस तू?" आरसेनं विचारलं.

घंटी हौदाकडे बघत म्हणाला, तो बाजारातल्या दिव्याचा खांब घासला होतास ना, तेव्हापासून. तू म्हणालास खांब रस्त्यात आला. खांब कधी येतो का रस्त्यात?

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. नुसती सवय लागली होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला मारलं असतंस."

"मारलंच असतं," आरसे म्हणाला आणि त्याची कॉलर धरली. "गेल्या हिवाळ्यात तुझा घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता. तेव्हा?"

घंटीनं कॉलर सोडवून घेतली नाही. "तेव्हा मी पत्रा बडवायचो," तो म्हणाला. "हातानं."

आरसेला ते बडवणं आठवलं. त्यावरून त्यानं घंटीला सगळ्या प्रवाशांदेखत शिव्या घातल्या होत्या. डावीकडे दार असतं. डावीकडे माणसं उतरतात. एक हात अजून दारात, एक पाय अजून पायरीवर. त्यांच्यात आणि चाकात उभा होता तो या मूर्खाचा घसा. आरसेनं कॉलर सोडली. शिवी द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण ती कुणाला द्यायची ते ठरेना. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला फक्त राग येत होता, आणि तो राग बसायला जागा शोधत फिरत होता.

जागा मिळाली. त्याच दिवशी, सोमवारी, तो डेपोच्या साहेबांसमोर गेला, मुलगी आणि तिचं मशीन घेऊन. मुलीनं आधी त्या क्षमता कक्षातल्या मशीनवर तीच रेघ आणली. साहेबांच्या डोळ्यांदेखत ती करवतीच्या दात्यांसारखी नाचली. मुलीनं सांगितलं की यात चित्र काढायचं वेगळं कार्डच नाहीये, पत्रं टाइप करायचं मशीन आहे हे, याला शर्यतीला जुंपलंय. साहेब म्हणाले, आमच्याकडे तज्ज्ञांनी बसवलंय. मग तिनं आपलं मशीन शेजारी लावलं, तोच खेळ, तेच वळण, आणि नापासांतला सगळ्यात वयस्कर ड्रायव्हर, ज्याला सगळे काका म्हणत, त्याला बसवलं. काकानं आधी चप्पल काढली, चाकाला नमस्कार केला आणि गाड्यांच्या गर्दीतून अशी गाडी काढली की दारात जमलेल्यांनी शिट्ट्या मारल्या.

आरसे टेबलावर दोन्ही हात टेकून बोलला. म्हणाला, साहेब, या माणसांना तुम्ही मंद लिहिलंत. यांच्या बायकापोरांनी ते वाचलं. मंद कोण आहे ते बघा एकदा.

साहेबांनी माफी मागितली नाही. अशी माणसं माफी मागत नाहीत, निर्णय बदलतात. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले की ठीक आहे, चाचणी रद्द, नवं मशीन येईपर्यंत सगळे आपापल्या गाडीवर. दारात जल्लोष झाला. साहेब आरसेकडे वळून म्हणाले, "तुम्हीपण. उद्या पहिल्या पाळीला."

हे एवढंच त्याला हवं होतं. हातात आलं होतं. मुलगी वायर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला नको," आरसे म्हणाला. "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा."

"आता हे काय? आत्ता तर मशीनला शिव्या घालत होतात."

"मशीन बोगसच आहे. पण बोगस मशीननं माझ्याबाबतीत खरं सांगितलं." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आणि ते तुमच्या हुशारीनं नाही. चुकून."

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. गेलेलं येत नाही, उरलेलं राखा. उजवीकडचं बरं होतं. फाटकाला तेवढं पुरे.

फाटकावर परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला, उंच, लांब हातापायांचा. आरसे साखळी सोडून गाडीपाशी गेला. खिशातलं फडकं काढून उजवा आरसा पुसला. मग वळसा घालून डावा पुसला, जरा जास्त वेळ, काचेच्या कडांपर्यंत. नव्या ड्रायव्हरनं वरून विचारलं, आता निघू का? आरसेनं त्याला थांब म्हटलं. तो आरसा आरसेच्या उंचीला लावलेला होता.

"मागचं दार दिसतं का?"

"थोडं."

आरसेनं आरसा खाली केला, किंचित बाहेर काढला. "आता?"

"पायरी दिसते."

"माणसाचा पाय दिसला पाहिजे."

"दिसतो."

आरसेनं फडकं आरशाच्या दांड्याला बांधलं आणि फाटकाकडे परतला. मागच्या दारात घंटीनं सवयीनं तोंड उघडलं, आरसेकडे बघितलं, आणि मिटलं. दोन टोल वाजले.

आरसेनं साखळी खाली सोडली. गाडी त्याच्या डाव्या हातानं गेली. आधी आवाज आला, मग पायाखालची जमीन थरथरली, मग डिझेलचा वास. त्यानं मान वळवली नाही. गाडी त्याला दिसली ती फाटकाबाहेर पार पुढे गेल्यावर.

त्यानं साखळी वर ओढली.